मौक्तिक रंगलेप, मोटारगाडीचा

मौक्तिक रंगलेप, मोटारगाडीचा : मोत्याच्या अंगी असलेली, पृष्ठभागाच्या आतून आल्यासारखी भासणारी व पाहण्याच्या कोनानुसार बदलणारी मंद झळाळी ज्या रंगलेपाने पत्र्यावर आणता येते, त्याला मौक्तिक रंगलेप म्हणतात. हा लेप सामान्यतः तीन थरांचा असतो. तळाशी अपारदर्शक रंगाचा थर, त्यावर मौक्तिक रंगद्रव्याचे सूक्ष्म पापुद्रे मिसळलेला पारदर्शक थर व सर्वांत वर संरक्षक पारदर्शक थर अशी त्याची रचना असते. आज हा लेप मोटारींच्या कारखान्यांत यंत्रांच्या साहाय्याने दिला जातो. परंतु मोटारीवरील त्याची परंपरा प्रथम रुजली ती कारखान्यात नव्हे, तर लहान कर्मशाळांत व घरालगतच्या मोटारघरांत. या लेपाचा इतिहास माशांच्या खवल्यांपासून अभ्रकाच्या खाणींपर्यंत पसरलेला असून हौशी कारागिरी, प्रकाशविज्ञान व रासायनिक उद्योग या तिन्ही क्षेत्रांशी त्याचा निकटचा संबंध आहे.

झळाळीचे स्वरूप : सामान्य रंगद्रव्य प्रकाशातील काही तरंगलांब्या शोषून घेते व उरलेल्या विखुरते. धातुवर्णी लेपातील ॲल्युमिनियमाचे कण लहान आरशांप्रमाणे प्रकाश परावर्तित करतात. मौक्तिक रंगद्रव्याचे कार्य या दोहोंहून वेगळे आहे. त्याचे पापुद्रे पारदर्शक असून त्यांचा प्रणमनांक (प्रकाश वाकविण्याच्या क्षमतेचे माप) सभोवतालच्या बंधक द्रव्यापेक्षा बराच अधिक असतो. पडलेल्या प्रकाशाचा काही भाग पापुद्र्याच्या वरच्या पृष्ठावरून व काही भाग खालच्या पृष्ठावरून परत फिरतो. उरलेला भाग आरपार जाऊन खालच्या पापुद्र्यांवर पडतो व तेथेही हीच क्रिया घडते. अनेक पातळ्यांवरून परतलेल्या या प्रकाशामुळे झळाळीला खोली येते. परत आलेल्या तरंगांमध्ये व्यतिकरण होऊन काही रंग प्रबळ होतात व काही नष्ट होतात. खऱ्या मोत्यातही कॅल्शियम कार्बोनेटाचे पातळ थर व त्यांमधील सेंद्रिय पटले यांच्यामुळे हेच घडते [⇨ मोती]. पापुद्रे पृष्ठभागाला समांतर बसले, तरच हा परिणाम नीट साधतो. म्हणून या लेपाचे यश रंगद्रव्याइतकेच लेपन करणाऱ्या हातावर अवलंबून असते.

मत्स्यसत्त्व : कृत्रिम मौक्तिक झळाळीचा आरंभ सतराव्या शतकातील फ्रान्समध्ये झाला असे मानतात. पॅरिस येथील जाकँ नावाच्या जपमाळा बनविणाऱ्या कारागिराने सु. 1656 मध्ये ॲब्लेट या गोड्या पाण्यातील लहान माशाचे खवले पाण्यात धुऊन त्यांतून निघणारे चकचकीत द्रव्य वेगळे केले. काचेच्या पोकळ मण्यांच्या आतील बाजूस या द्रव्याचा लेप देऊन व मणी मेणाने भरून त्याने मोत्यांची नक्कल तयार केली. या द्रव्याला पुढे ‘पौर्वात्य सत्त्व’ अशा अर्थाचे फ्रेंच नाव मिळाले. मोती पूर्वेकडील समुद्रांतून येत, या समजुतीचा ठसा त्या नावावर आहे. द्रव्याची झळाळी ग्वानीन या संयुगाच्या पातळ स्फटिकांमुळे असते, हे एकोणिसाव्या शतकात समजले. ग्वानीन हे नाव, ज्यातून ते प्रथम मिळाले त्या ग्वानो या पक्ष्यांच्या विष्ठेच्या खतावरून पडले आहे. थोडेसे सत्त्व मिळविण्यासाठी हजारो मासे लागत. पुढे हेरिंग माशांच्या खवल्यांचाही त्यासाठी उपयोग होऊ लागला आणि डबाबंद मासळीच्या कारखान्यांतून उरणाऱ्या खवल्यांना किंमत आली. तरीही हे द्रव्य महागच राहिले.

विसाव्या शतकात त्याला पर्याय म्हणून प्रथम अल्कधर्मी लेड कार्बोनेटाचे व नंतर बिस्मथ ऑक्सिक्लोराइडाचे चपटे स्फटिक तयार करण्यात आले. गुंड्या, कंगवे, नकली मोती व सौंदर्यप्रसाधने यांसाठी त्यांचा उपयोग झाला. मात्र मोटारीच्या दृष्टीने दोहोंतही उणिवा होत्या. शिशाचे संयुग विषारी आहे. बिस्मथाचे संयुग उन्हात काळवंडते. दोन्ही जड असल्याने पातळ लेपात तळाशी बसतात. मत्स्यसत्त्व हलके व निर्विष होते, परंतु त्याचा पुरवठा मासेमारीच्या हंगामावर अवलंबून होता. उन्हापावसात टिकणारे, स्वस्त व निर्धोक असे द्रव्य सापडेपर्यंत मौक्तिक मोटार ही हौसेची व अल्पायुषी वस्तूच राहणार होती.

मोटारीचा लेप व फवारा : आरंभीच्या मोटारींना घोडागाड्यांप्रमाणे कुंचल्याने व्हार्निशाचे अनेक हात देत व ते वाळण्यास कित्येक आठवडे लागत. पहिल्या महायुद्धानंतर सेल्युलोज नायट्रेटावर आधारलेली जलद वाळणारी लॅकरे प्रचारात आली. ड्यूपाँ या अमेरिकन कंपनीने 1923 मध्ये बाजारात आणलेले ‘ड्यूको’ हे त्यांपैकी प्रमुख होय. त्याचा पहिला मोठा वापर जनरल मोटर्सच्या ओकलंड मोटारींच्या 1924 च्या नमुन्यांवर झाला. लॅकर इतक्या वेगाने वाळते की, मोठ्या पृष्ठभागावर ते कुंचल्याने सारखे पसरविता येत नाही. त्यामुळे फवारक बंदूक अपरिहार्य ठरली.

फवाऱ्याची मुळे मात्र वेगळ्याच गरजांत होती. शिकागो येथील मार्शल फील्ड या दुकानाच्या भिंतींना चुन्याची सफेदी देण्यासाठी जोसेफ बिंक्स यांनी हातपंपाचे यंत्र तयार केले व 1893 च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनाच्या इमारतींसाठी फवारणीचा मोठ्या प्रमाणावर उपयोग झाला. ओहायओ राज्यातील टोलीडो येथील डॉ. ॲलन डेव्हिल्बिस यांनी घशात औषध फवारण्यासाठी उपकरण बनविले होते. त्यांचे पुत्र टॉमस यांनी 1907 च्या सुमारास त्याच तत्त्वावर रंगकामाची बंदूक सिद्ध केली. संपीडित हवेने रंग तुषाररूप करणारी ही बंदूक आणि लहान विद्युत् संपीडक यांमुळे जे काम पूर्वी गाडीकारखान्यातील पिढीजात कारागिराचे होते, ते चिकाटीच्या हौशी माणसाच्या आटोक्यात आले.

कॅलिफोर्नियातील परंपरा : दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः कॅलिफोर्नियात, जुन्या मोटारी विकत घेऊन त्यांना स्वतःच्या आवडीचे रूप देण्याची लाट आली. युद्धातून परतलेल्या तरुणांना यंत्रकामाची सवय होती, जुन्या गाड्या स्वस्त होत्या आणि बहुतेक घरांना मोटारघर जोडलेले होते. हॉट रॉड हे मासिक 1948 मध्ये सुरू झाले आणि ओकलंड येथील मोटार प्रदर्शनाची परंपरा 1950 मध्ये सुरू झाली. मासिकांनी छायाचित्रे व कृती घरोघरी पोहोचविल्या, तर प्रदर्शनांनी घरी रंगविलेल्या मोटारीला प्रेक्षक मिळवून दिले.

या चळवळीत सॅम व जॉर्ज बॅरिस या बंधूंनी मोटारीच्या बांधणीत, तर जो बेलन व लॅरी वॉटसन यांनी रंगकामात नाव मिळविले. सोनेरी किंवा चंदेरी थरावर पारदर्शक लाल थर देऊन पाकात बुडविलेल्या सफरचंदासारखा रंग आणण्याची 1950–60 या दशकातील रीत बेलन यांच्या नावाशी निगडित आहे. मौक्तिक लेपाची रीतही याच सुमारास वाढीस लागली. कारागीर मत्स्यसत्त्वाची किंवा शिशाच्या संयुगाची लुकटी (पेस्ट) विकत आणून पारदर्शक लॅकरात मिसळीत व पांढऱ्या अथवा फिकट थरावर ती फवारीत. मिसळण्याचे प्रमाण प्रत्येकाचे वेगळे असे व ते सहसा कोणाला सांगितले जात नसे. एड रॉथ यांनी काचतंतूंच्या बांधणीची, बुडबुड्यासारख्या पारदर्शक छताची ‘बीटनिक बँडिट’ ही मोटार 1961 मध्ये पूर्ण केली. तिचा मौक्तिक लेप वॉटसन यांनी दिलेला होता. मिनेसोटा राज्यातील जॉन कॉस्मोस्की यांनी असे लेप स्वतः बनवून विकण्याचा व्यवसाय उभारला. त्यामुळे घरी काम करणाऱ्यास तयार मिश्रणे मिळू लागली.

लॉस अँजेल्सच्या पूर्व भागातील मेक्सिकन वंशाच्या वस्तीत या कलेने स्वतंत्र वळण घेतले. तेथील तरुण मोटारी जमिनीलगत बसवीत व सावकाश चालवीत. मोटार वेगासाठी नसून पाहण्यासाठी आहे, ही त्यांची भूमिका होती. उतरत्या उन्हात हळू चालणाऱ्या मोटारीवर बदलत्या रंगाचा लेप जितका खुलतो तितका वेगवान मोटारीवर खुलत नाही. अनेक थरांत गुलाबांची नक्षी असलेली जेसी व्हॅलॅडेझ यांची ‘जिप्सी रोझ’ ही 1964 च्या शेव्हरोलेट इंपालावर घडविलेली मोटार या परंपरेचे प्रतीक ठरली. ती 2017 मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत समाविष्ट झाली व त्याच वर्षी वॉशिंग्टन येथील नॅशनल मॉलवर काचेच्या दालनात ठेवण्यात आली. शिष्टसंमत कलेच्या बाहेरची म्हणून जिची उपेक्षा झाली, त्या मोटारघरातील कारागिरीकडे लक्ष वेधण्याचे काम त्यापूर्वीच टॉम वुल्फ यांच्या 1963 मधील निबंधाने केले होते. 1965 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या पुस्तकाला याच निबंधावरून नाव मिळाले.

अभ्रकाधारित रंगद्रव्ये : आरंभीचे मौक्तिक लेप फार काळ टिकत नसत. सेल्युलोज नायट्रेटाचे लॅकर उन्हात पिवळे पडे व तडकत असे. बंधकाच्या बाबतीत ॲक्रिलिक लॅकराने 1950–60 या दशकाच्या अखेरीस सुधारणा घडविली. रंगद्रव्याच्या बाबतीत खरी क्रांती केली ती अभ्रकाने. अभ्रकाचे अतिशय पातळ पापुद्रे घेऊन त्यांवर टिटॅनियम डाय-ऑक्साइडाचा सूक्ष्म थर चढविण्याची पद्धत ड्यूपाँ कंपनीतील हॉवर्ड लिंटन यांनी शोधून काढली व तिची अमेरिकन एकस्वे (पेटंटे) 1963 मध्ये देण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातील मर्ल आणि जर्मनीतील डार्मस्टाट येथील मर्क या कंपन्यांनी अशी रंगद्रव्ये मोठ्या प्रमाणावर बाजारात आणली.

या पद्धतीचे वैशिष्ट्य असे की, एकच द्रव्य केवळ थराच्या जाडीनुसार वेगवेगळे रंग दाखविते. टिटॅनियम डाय-ऑक्साइडाच्या थराची जाडी सु. 40 ते 60 नॅनोमीटर (1 नॅनोमीटर = 1 मीटरचा अब्जावा भाग) असल्यास चंदेरी, 60 ते 80 असल्यास सोनेरी, 80 ते 100 असल्यास तांबडी, त्याहून अधिक झाल्यास निळी व नंतर हिरवी झळाळी मिळते. परावर्तित प्रकाशात जो रंग दिसतो त्याचा पूरक रंग आरपार जाणाऱ्या प्रकाशात असतो. म्हणून पांढऱ्या तळावर निळे मौक्तिक द्रव्य दिल्यास एका कोनातून निळसर व दुसऱ्यातून पिवळट छटा दिसते. काळ्या तळावर मात्र आरपार गेलेला प्रकाश शोषला जाऊन केवळ निळा रंग उठून दिसतो. लोहाच्या ऑक्साइडाचा थर दिल्यास कांस्य व तांबे यांसारख्या छटा मिळतात. टिटॅनियम डाय-ऑक्साइडाच्या ॲनॅटेज या स्फटिकरूपाच्या सान्निध्यात उन्हामुळे बंधकाचा ऱ्हास होतो, असे आढळल्याने मोटारींसाठी रूटाइल हे रूप व पापुद्र्यांवर वेगळे संरक्षक संस्करण वापरण्यात येऊ लागले. निर्विष, हलके व ऊनपाऊस सोसणारे मौक्तिक द्रव्य अशा रीतीने उपलब्ध झाले [⇨ अभ्रक, टिटॅनियम].

घरगुती लेपन : घरी मौक्तिक लेप देण्याची कृती वरवर सोपी असली, तरी तिच्यातील प्रत्येक टप्पा पुढील टप्प्याचे भवितव्य ठरवितो. प्रथम जुना लेप घासून, गंज काढून व खळगे लुकणाने भरून पृष्ठभाग सपाट करतात. त्यावर अस्तराचा थर देऊन तो पाणी वापरून बारीक पॉलिश कागदाने घासतात. मौक्तिक थर पारदर्शक असल्याने खालचा कोणताही ओरखडा तो झाकीत नाही, उलट उठावात आणतो. एकूण श्रमांचा बराच मोठा भाग या पूर्वतयारीतच खर्च होतो. नंतर पृष्ठभाग तेलकटपणा काढणाऱ्या विद्रावकाने पुसून तळरंग एकसारखा देतात.

मौक्तिक थर देताना बंदूक पृष्ठभागापासून सु. 15 ते 20 सेंमी. अंतरावर, काटकोनात व एकाच गतीने फिरवावी लागते. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर किमान निम्मा चढवितात. एक जाड थर देण्याऐवजी अनेक पातळ थर देतात व दोन थरांमध्ये विद्रावक उडून जाण्यास अवकाश ठेवतात. जाड व ओल्या थरात पापुद्रे वाहून ढगांसारखे डाग पडतात. हात मध्येच थबकल्यास गडद पट्टे उमटतात. अतिशय कोरड्या फवाऱ्यात पापुद्रे वेडेवाकडे बसून झळाळी मंदावते. पापुद्रे भांड्याच्या तळाशी बसत असल्याने मिश्रण वारंवार ढवळावे लागते. थरांच्या संख्येनुसार छटा बदलते. म्हणून अनुभवी कारागीर आधी चाचणीच्या पत्र्यावर एक, दोन, तीन व चार थरांचे टप्पे फवारून छटा निश्चित करतात आणि संपूर्ण गाडीला एकाच बैठकीत तितकेच थर देतात. शेवटी पारदर्शक लेपाचे थर देऊन ते पूर्ण कडक झाल्यावर घासतात व चकाकी आणतात.

या लेपाचा सर्वांत मोठा दोष दुरुस्तीच्या वेळी प्रकट होतो. साध्या रंगाच्या गाडीचा एखादा दरवाजा पुन्हा रंगविता येतो. मौक्तिक लेपात मात्र त्याच डब्यातील द्रव्य वापरूनही फवाऱ्याचा दाब, अंतर व थर यांत किंचित फरक पडल्यास तो दरवाजा वेगळा दिसतो. त्यामुळे नवा थर शेजारच्या भागांवर विरळ करीत मिसळून द्यावा लागतो.

धोके व नियमन : मोटारघरातील या कारागिरीची किंमत अनेकांनी प्रकृतीने मोजली आहे. लॅकराची विद्रावके ज्वालाग्राही असतात. बंदिस्त जागेत त्यांचे बाष्प साठून ठिणगीने भडका उडू शकतो. 1970 नंतर वाढत्या प्रमाणात वापरात आलेल्या दोन घटकी पॉलियुरेथेन लेपांनी अधिक कठीण व टिकाऊ चकाकी दिली. पण त्यांच्या दृढीकारकात आयसोसायनेट वर्गाची संयुगे असतात. ती व्यवसायजन्य दम्याचे एक प्रमुख कारण आहेत. एकदा शरीर संवेदनक्षम झाले की, पुढे अत्यल्प मात्रेनेही दम्याचा झटका येऊ शकतो व अशा व्यक्तीस ते काम बहुधा कायमचे सोडावे लागते. या संयुगांचा वास धोक्याच्या पातळीला पोहोचेपर्यंत जाणवत नाही व त्यांचे तुषार डोळ्यांना दिसेनासे झाल्यावरही हवेत राहतात. त्यामुळे साध्या गाळणीच्या मुखवट्यावर विसंबणे योग्य ठरत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरविणारा मुखवटा व हवा खेचून घेणारी फवारणी-खोली यांची गरज असते. घरी या दोन्ही गोष्टी क्वचितच असतात.

विद्रावकांच्या बाष्पामुळे होणाऱ्या वायुप्रदूषणामुळेही निर्बंध आले. कॅलिफोर्नियात लॅकरांचा वापर क्रमाने मर्यादित झाला व कमी दाबाने अधिक हवा वापरणाऱ्या बंदुकांना चालना मिळाली. यूरोपीय संघाच्या 2004 च्या निर्देशानुसार 2007 पासून वाहनांच्या पुनर्लेपनासाठीच्या वरच्या थरांतील बाष्पनशील सेंद्रिय संयुगांचे प्रमाण लिटरमागे 420 ग्रॅमपर्यंत सीमित झाले. परिणामी पाण्यावर आधारलेले तळरंग रूढ झाले. भारतात वाहनाचा रंग नोंदणी प्रमाणपत्रात नमूद असल्यामुळे तो बदलल्यास परिवहन कार्यालयात तशी नोंद करून घ्यावी लागते.

कारखान्यांत प्रवेश : तळरंग व पारदर्शक लेप अशी द्विस्तरीय पद्धत कारखान्यांत स्थिरावल्यावर 1980–90 या दशकात अभ्रकाधारित मौक्तिक लेप कारखान्यातून निघणाऱ्या मोटारींवर दिसू लागले. जे आधी हौशी लोकांनी केले, ते मागाहून उद्योगाने उचलले. पुढे व्यतिकरणी धातुपटलांवर आधारलेली, कोनानुसार पूर्णतः वेगळे रंग दाखविणारी द्रव्ये आली. फोर्ड कंपनीने 1996 च्या मस्टँग कोब्रा मोटारींच्या एका मर्यादित संख्येस असा लेप दिला होता. चलनी नोटांवरील रंग बदलणारी शाई याच तत्त्वावर आधारलेली आहे. अभ्रकाऐवजी ॲल्युमिनियम ऑक्साइडाचे पापुद्रे वापरून अधिक तीव्र चमक देणारे ‘झिरॅलिक’ हे द्रव्य जपानमधील ओनाहामा येथे तयार होत असे. फुकुशिमा परिसरातील 11 मार्च 2011 च्या भूकंपानंतर हा कारखाना बंद पडला, तेव्हा जगातील काही मोठ्या मोटार कंपन्यांना विशिष्ट रंगांच्या गाड्यांची मागणी घेणे तात्पुरते थांबवावे लागले. शोभेचे मानले जाणारे द्रव्य उद्योगाला किती आवश्यक झाले आहे, हे त्यावरून दिसून आले.

अभ्रकाचा उगम व भारत : मौक्तिक द्रव्यासाठी मोठ्या तावांची आवश्यकता नसते, दळलेला भंगार अभ्रक पुरतो. झारखंडमधील कोडरमा व गिरिडीह हे जिल्हे आणि लगतचा बिहारचा भाग हे या अभ्रकाचे एक महत्त्वाचे उगमस्थान आहे. विद्युत् उपकरणांत अभ्रकाला पर्याय निघाल्याने व 1980 च्या वन (संवर्धन) अधिनियमामुळे तेथील अनेक खाणी बंद पडल्या. परंतु सोडून दिलेल्या खाणींतून व मातीच्या ढिगांतून अभ्रकाचे तुकडे वेचण्याचे काम चालूच राहिले. स्थानिक भाषेत या तुकड्यांना ‘ढिबरा’ म्हणतात. गरीब कुटुंबे मुलाबाळांसह हे काम करतात. अरुंद बिळांसारख्या खड्ड्यांत दरड कोसळून मृत्यू ओढवतात व त्यांतील अनेकांची नोंदही होत नाही. 2016 मध्ये एका आंतरराष्ट्रीय वृत्तसंस्थेच्या तपासात दोन महिन्यांत किमान सात मुले अशा अपघातांत दगावल्याचे उघड झाले. त्यानंतर 2017 मध्ये पॅरिस येथे सौंदर्यप्रसाधने, रंग इ. उद्योगांतील कंपन्या व स्वयंसेवी संस्था यांनी एकत्र येऊन जबाबदारीने अभ्रक मिळविण्यासाठी एक संघटना स्थापन केली. काही उत्पादक वितळलेल्या खनिजांपासून बनविलेल्या संश्लेषित अभ्रकाकडे वळले. हा अभ्रक लोहरहित असल्याने अधिक शुभ्र असतो. मात्र त्याचा सरसकट स्वीकार झाल्यास वेचणाऱ्या कुटुंबांचे तुटपुंजे उत्पन्नही बंद होईल, असा प्रश्न उपस्थित झाला आहे.

महाराष्ट्रात अभ्रकाधारित मौक्तिक द्रव्यांचे उत्पादन होते. पुणे येथील सुदर्शन केमिकल इंडस्ट्रीज (स्थापना 1951) ही रायगड जिल्ह्यात कारखाने असलेली कंपनी इतर रंगद्रव्यांबरोबर ही द्रव्येही तयार करते.

साडेतीन शतकांच्या या वाटचालीत झळाळी देणारे द्रव्य वारंवार बदलले. तिच्यामागील तत्त्व बदलले नाही आणि श्रमही टळले नाहीत. खवले धुणारे हात, रसायनांचे तुषार श्वासावाटे घेणारा कारागीर व खड्ड्यातून अभ्रक वेचणारे मूल हे या लेपाच्या इतिहासाचे, गाडीवर न दिसणारे थर होत. कारखान्यातील स्वयंचलित फवाऱ्याने मौक्तिक मोटार सर्वत्र नेली असली, तरी स्वतःच्या मोटारघरात चाचणीचा पत्रा उन्हात धरून छटा पारखणाऱ्या हौशी कारागिराचे स्थान अद्याप टिकून आहे.